पाटीवरची अर्धी वेल

स्क्रू तिच्या तळहातावर होता, मुंगीच्या डोक्याएवढा, आणि तो कुठला हे तिला माहीत होतं. नवल ते हेच. तपकिरी फ्रेमच्या डाव्या बिजागरीचा; फ्रेम समोर मऊ फडक्यावर उताणी पडलेली, तिची निखळलेली काडी शेजारी, बारीक पेचकस उजव्या हातात. सगळं जिथल्या तिथे. एरवी अशा स्क्रूचं काय व्हायचं – तो हातात असतानाच बाहेर कुणीतरी शिंकायचं, शिंकेवरून तिला घरी वाळत टाकलेली चादर आठवायची, चादरीवरून दोरी, दोरीवरून ती जिला बांधलीय तो वाकडा खिळा, खिळ्यावरून बाबा... आणि मग बऱ्याच वेळानं मुठीत काहीतरी टोचतंय म्हणून मूठ उघडावी, तर आत हा. कुणाचा, कशाचा, काही पत्ता नाही. चष्म्याच्या दुकानामागच्या या खोलीत, तिच्या कामाच्या टेबलावर, अशा पोरक्या स्क्रूंची एक डबी होती. मालक त्या डबीला अनाथाश्रम म्हणायचे.

आज मात्र शिंक ही नुसती शिंक होती. बाहेर गिऱ्हाईक शिंकलं आणि विषय संपला.

भिंगरीनं – पन्नाशीला टेकली तरी माहेरी ती अजून भिंगरीच होती – स्क्रू बसवला, पेचकसाचे दोन फेरे दिले, काडी उघडून मिटून पाहिली. मग तशीच बसून राहिली. आता पुढे काय, हा प्रश्नसुद्धा आज एकटाच आला, आपला गोतावळा बरोबर न घेता. ही सगळी सकाळी घेतलेल्या त्या गोळीची करामत. पहिलीच गोळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कुणाला पहिल्या दिवशीच जाणवतं, कुणाला मात्रा बदलून बघावी लागते, आणि संध्याकाळकडे असर ओसरतो. घरात पाहुण्यांचा गलका असावा, एकेक करून सगळे उठून जावेत आणि मग भिंतीवरचं घड्याळ ऐकू यावं, तसं झालं होतं. किती वर्षं टिकटिकत होतं बिचारं, कुणाला ठाऊक.

डॉक्टरीणबाईंकडे तिला नवऱ्यानं नेलं. नवरा शांत माणूस. लग्नानंतर त्यानं दाराजवळ किल्ल्यांसाठी खुंटी ठोकली, तिच्या पाकिटाला लाल गोंडा बांधला, आणि बाकीचं हसण्यावारी नेलं. पण गॅसवर भांडं पुन्हा जळलं आणि धुरानं काळ्या झालेल्या स्वयंपाकघरात शेजारच्या खोलीतून ती हातात एक उसवलेली उशी घेऊन आली – उशी शिवत होते, खरंच, वासच आला नाही – तेव्हा तो रागावला नाही, घाबरला. दाखवून येऊ, म्हणाला. डॉक्टरीणबाई साध्या आवाजात विचारत गेल्या. लहानपणी कसं होतं? वस्तू हरवतात? समोरचा बोलत असताना मन भलतीकडे निघून जातं? आणि एखाद्या कामात शिरलात की तहानभूक विसरते, असंही होतं? भिंगरीला हसू यायला लागलं. ही बाई जन्मभर आपल्या पाळतीवर होती की काय! आणि हसता हसता केव्हा रडू फुटलं ते तिलाच कळलं नाही. घरात ज्याला धांदरटपणा म्हणाले, शाळेत आळस म्हणाले, सासूबाई – आता त्या नाहीत – ज्याला सरळ बेफिकिरी म्हणायच्या, त्याला एक नाव होतं. एडीएचडी. चार इंग्रजी अक्षरं, आणि त्यांत आपलं सगळं मावलं.

"तुमच्याकडे लक्ष कमी नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "भरपूर आहे. ते कुठे जाऊन बसेल, त्यावर तुमचा ताबा नाही, एवढंच. रोज त्याला धरून आणण्यात तुमचा जीव जातो. आळशी माणूस असा दमत नाही."

आळशी माणूस असा दमत नाही. हे वाक्य घरी येईपर्यंत तिनं मनात घट्ट धरून ठेवलं आणि, आश्चर्य म्हणजे, ते कुठेही हरवलं नाही. हरवलं नाही कारण त्याला दुसरं एक वाक्य लागलेलं होतं. निघताना बाईंनी सहज विचारलं होतं – तुमच्या माहेरी असं आणखी कुणी आहे? हे पुष्कळदा रक्तातून येतं. भिंगरीला बाबा आठवले.

बाबा पाट्या रंगवायचे. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. अक्षर काढायला बसले की जगाचा विसर. जेवायला हाक मारली की हो म्हणायचे आणि तो हो अक्षराच्या पोटातून यायचा, त्याला काही अर्थ नसायचा. आधी पत्र्यावर खिळ्याच्या टोकानं आखणी करायची, खडू पुसला जातो म्हणून, आणि मग त्या रेघेवरून कुंचला असा न्यायचा की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. आणि मग – मध्येच – उठायचे. एखादा गारुडी नाही, मिरवणूक नाही, काही नाही. कोपऱ्यावर कुणाचा टायर पंक्चर झालेला असायचा, कुठे गटाराचं झाकण नव्यानं बसवत असायचे. बाबा तिथे. मदत करायला, चार प्रश्न विचारायला. बल्ब आणायला गेलेला माणूस कासव घेऊन परत आला होता एकदा. बल्ब राहिलाच, अंधारात आम्ही कासवाला कोबीची पानं घालत बसलो होतो आणि मी – मला त्यापेक्षा सुंदर संध्याकाळ आठवत नाही.

आईला आठवत असणार. दुसरी.

पाटी न्यायला आलेली माणसं दारात उभी राहायची. कुठे आहेत पेंटर? आई सांगायची, वाटेत आहेत. आधी खरंच तसं वाटून सांगायची, मग टोमणा म्हणून, आणि नंतर कोरड्या आवाजात, घराचा पत्ता सांगावा तसं. घरात तो शब्दच होऊन बसला. दुरुस्तीला गेलेला सोफा, न आलेलं उत्तर, भिंगरीचा गृहपाठ – सगळं वाटेत. बाबा वारल्यानंतर काही दिवसांनी एक अनोळखी माणूस पाटीचं काम घेऊन आला, त्याला काही माहीत नव्हतं. पेंटर आहेत का? वाटेत आहेत, आई म्हणून गेली. मग तिनं दार लावून घेतलं आणि कितीतरी वेळ दाराला हात लावून उभी राहिली. भिंगरीनं ते आतून पाहिलं. 

"ताई, संध्याकाळी येताहेत हं ती माणसं," मालकांनी पडद्याआडून डोकं काढून सांगितलं. "पाटी उतरवून तुमच्याच स्वाधीन करतो. भंगारात घालायला माझंही मन होत नाही."

दुकानावरची पाटी बाबांची होती. आताच्या मालकांच्या वडिलांनी ती रंगवून घेतलेली. निळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, त्यांच्या अंगाला लाल सावली, आणि भोवती पानांची वेल. वेल वरून गेली होती, दोन्ही बाजूंनी उतरली होती, खालच्या कडेनं डावीकडून निघून थोडी चालली होती... आणि थांबली होती. एक दिवस बाबा कशाच्या तरी मागे शिडीवरून उतरले, ते परत तिच्यावर चढलेच नाहीत. शिडी कितीतरी दिवस तशीच टेकून उभी. जुने मालक हौशी, त्यांना त्याचीच गंमत वाटली. राहू दे, म्हणाले, लोक मान वर करून बघतात तरी. लोक बघत. हसत. आणि आई त्या दिवसापासून या दुकानाच्या बाजूच्या फुटपाथवरून कधी गेली नाही. कोपरा आला की रस्ता ओलांडायची, पलीकडून जायची. मुलगी इथे नोकरीला लागली तरी नाही. तिचा चष्मा भिंगरी घरी नेऊन द्यायची.

आजही तिचाच चष्मा टेबलावर होता. नवा नंबर, जुनी फ्रेम. आईला फ्रेम बदललेली चालत नाही. भिंगरीनं काच घेतली, कडेला खूण केली, घासायच्या चाकावर धरली. पाण्याची बारीक धार, चाकाची घरघर. एरवी या घरघरीत तिला गाणी ऐकू यायची, न झालेली भांडणं ऐकू यायची. आज घरघर. काच गोल होत गेली, एका फेऱ्यात, न मोडता, आणि ती खाचेत अशी बसली की बोटानं चाचपून पाहावी. किती सोपं असतं हे – बाकीच्यांना हे रोज असंच असतं? – आणि आपण एवढी वर्षं... तिला स्वतःची कीव आली, जशी एखाद्या लांबच्या नातेवाइकाची यावी.

परवा ती आईकडे गेली होती, सांगायला. आई ओट्यापाशी उभी होती, पाठमोरी, भांडी पुसत. भिंगरीनं सगळं सांगितलं. मेंदूतलं कसं असतं, हट्टानं होत नाही, धाकानं जात नाही. आणि बाबांचंही तेच असणार, आई. डॉक्टरांनी बघितलं नाही पण मला माहीत आहे. आई पुसत राहिली. भिंगरीला वाटलं, आता तरी हिच्या खांद्यावरचं ओझं उतरेल. ती वाट बघत होती, लहानपणी निकाल दाखवून बघायची तशी. एवढंच हवं होतं तिला – आईनं एकदा म्हणावं, बिचारा. एकदा त्यांच्याबद्दल मऊ आवाजात बोलावं.

"म्हणजे मुद्दाम नव्हतं," आई म्हणाली.

"नव्हतं."

"औषध होतं का गं तेव्हा?"

"माहीत नाही. असलं तरी आपल्यापर्यंत आलं नसतं."

आईनं ताट खाली ठेवलं. "मुद्दाम असतं तर बरं झालं असतं. राग ठेवायला जागा होती. आता तो कुठे ठेवू, सांग."

 भिंगरीच्या डोळ्यांपुढे आलं ते बसस्थानक. ती लहान होती. आजोबांचे दिवस उरकून आई माहेरून परतली होती, बरोबर ट्रंक आणि भिंगरी. बाबा न्यायला येणार होते. बाकावर बसून दोघींनी ऊन उतरताना पाहिलं, दिवे लागताना पाहिले. आईनं ट्रंकेवरचा हात काढला नाही आणि रस्त्यावरची नजर काढली नाही. भिंगरीनं पाणी मागितलं तरी नजर न हलवता तिनं थैलीतली बाटली काढून दिली. मग बाबा धावत आले, घामाघूम, केसांत एक हिरवं पीस. कुणा म्हाताऱ्याचा पोपट पिंजऱ्यातून उडाला होता, तो पकडायला म्हणून... काय सांगू तुला, छपरावर चढलो, दोनदा हातावर तुरी दिल्या त्यानं... बाबांचे डोळे असे चमकत होते की जणू पोपट त्यांनी आमच्यासाठीच पकडला. मी सगळं ऐकलं, पुन्हा सांगायला लावलं. आई तोंड फिरवून बसली होती. वडील गेल्यापासून ती रडली नव्हती, ती त्या रात्री रडणार होती नवऱ्यापाशी, हे तिनं पुढे कधीतरी, भलत्याच बोलण्यात, सांगितलं. त्या रात्री ती रडलीच नाही. पोपटाची गोष्ट चालू होती.

परवा निघताना भिंगरी म्हणाली होती, चष्मा तयार असेल, तूच ये ना घ्यायला. पाटी उतरवताहेत, एकदा वर असताना बघ. आई म्हणाली, बघू. त्या घरात बघूचा अर्थ नाही असा होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

दुपारी डबा खाताना तिनं बाबांचा आवाज आठवून पाहिला. सहज, या नव्या शांततेत त्यांना नीट बसवून घ्यावं म्हणून. आवाज आला नाही. पुन्हा प्रयत्न केला. भिंगरे – असं म्हणायचे ते, री वर नाही, रे वर उतरायचे – पण ते तिलाच तिच्या आवाजात ऐकू आलं.  मग हळूहळू लक्षात आलं की बाबांना तिनं कधी बोलावून आणलंच नव्हतं. ते आपले आपण यायचे. शिंकेवरून चादर, चादरीवरून दोरी, दोरीवरून खिळा... त्या आडवाटेनं, न सांगता, कुठल्याही कामाच्या मध्ये. आता ती वाटच बंद झाली. शिंक शिंकेपाशी थांबते. मग बाबा कुठून येणार? ते गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत – अकरा की बारा? – बाबांची एवढी आठवण तिला आली नव्हती, जेवढी त्या डब्यासमोर, आठवण येईना म्हणून, आली. गोळी सोडून द्यावी, असंही एकदा मनात येऊन गेलं. मग नवऱ्याचा तो घाबरलेला चेहरा आठवला, आणि तिनं डबा मिटला.

माणसं उन्हं कलल्यावर आली. दोघं होते. शिडी टेकवली, वर चढून दोन बोल्ट बघितले, त्यांना लागणारा पाना आणलाच नव्हता. आलोच, म्हणाले आणि गेले. शिडी राहिली. मालक हसले, बाबांची शिडी त्यांनी लहानपणी पाहिली होती. भिंगरीनं आईचा चष्मा डबीत घातला, डबी अॅप्रनच्या खिशात, एक ओलं फडकं घेतलं आणि बाहेर आली. पाटी घरी न्यायची तर काजळी पुसून न्यावी, एवढाच विचार. मालक म्हणाले, ताई, जपून. आणि आत गिऱ्हाइकाकडे गेले.

शिडीच्या मधल्या पायरीवर असताना तिला कळलं की ओसरायला लागलंय. आधी रस्त्याचा आवाज आला, एकसंध नाही, सुटा सुटा: हॉर्न, कुणाचं हसणं, शटरची खडखड. मग वरच्या खिडकीत कुणीतरी चादर झटकली. चादर... आणि दोरी, आणि वाकडा खिळा, आणि –

भिंगरे, हळू. डावा पाय आधी.

तिनं डावा पाय आधी ठेवला. 

वेल इतक्या जवळून तिनं कधीच पाहिली नव्हती. खालून वाटायचं, ती तुटली आहे. तुटलेली नव्हती. शेवटचं पान पूर्ण होतं, त्याची शीरसुद्धा काढलेली, टोकाशी कुंचला हलकेच उचलून घेतलेला. घाईनं उठलेल्या माणसाचं ते काम नव्हे. त्यानं पान पुरं केलं, आणि मग मान वळवली. भिंगरीनं फडकं फिरवलं. पानावरून, आणि ओघात पुढे, जिथे काहीच नव्हतं तिथेही. काजळी निघाली. आणि निळ्या पत्र्यावर एक रेघ दिसली. केसासारखी. तिनं नखानं चाचपली. खिळ्याच्या टोकानं ओढलेली रेघ, वळणं घेत पुढे गेलेली. तिच्यावर पानापानाची जागा टिंबानं दाखवलेली, आणि पार कोपऱ्यात, बाजूनं उतरलेल्या वेलीला जाऊन मिळायचं तिथे, एक छोटा वळसा. सगळी वेल तिथे होती. फक्त रंग तेवढा वाटेत होता.

येणार होते, आई. ते येणारच होते.

तिनं बोट त्या रेघेवर ठेवलं आणि मान वळवली, जशी त्यांनी वळवली असेल. काय दिसलं असेल? आजवर तिनं एवढंच विचारलं होतं – पुरं का नाही केलं? घरातही सगळ्यांनी हेच विचारलं. काय दिसलं तुम्हाला, असं कुणी विचारलंच नाही. आता समोर तारांवर ओळीनं पक्षी होते, एक माणूस डोक्यावर आरसा घेऊन चालला होता आणि आरशात आभाळाचा तुकडा हलत होता, एका गॅलरीत कुणीतरी कुंडीतल्या झाडाशी बोलत होतं, आणि हे सगळं एकदम, एकाच वेळी, तिच्याकडे येत होतं, ओळखीचं, हक्कानं. आणि पलीकडच्या फुटपाथवर आई उभी होती.

नेहमीच्याच बाजूला. पर्स दोन्ही हातांनी धरलेली. मान वर. डोळे बारीक केलेले – चष्म्याशिवाय तिला एवढ्या लांबचं काही नीट दिसत नाही, हे भिंगरीइतकं कुणाला माहीत? चष्मा तर या खिशात. मग आईला तिथून दिसतंय काय? निळं काहीतरी. त्याला टेकलेली शिडी. आणि शिडीवर, वेल संपते तिथेच, हातात फडकं घेतलेलं एक माणूस.

भिंगरी जागच्या जागी थांबली. हाक मारली तर कळेल, कोण आहे ते. हाक ओठांवर आली होती. तिनं ती मारली नाही.

आईनं फुटपाथवरून पाऊल खाली टाकलं. मागे घेतलं. डावीकडे पाहिलं, पुन्हा वर पाहिलं. आणि मग एक बस आली आणि दोघींच्या मध्ये येऊन उभी राहिली. माणसं उतरू लागली, चढू लागली, आणि बसच्या लांबलचक अंगामागे आई दिसेनाशी झाली. येते आहे की परत फिरली? भिंगरीनं मान लांब केली. वरची चादर पुन्हा झटकली गेली, आरसेवाला कोपऱ्यावर वळला, मागे मालकांनी काहीतरी विचारलं – सगळं ऐकू आलं, सगळं दिसलं, आणि कशाच्याही मागे ती गेली नाही. जन्मभर लोक तिच्यासाठी थांबत आले होते. शाळेच्या फाटकाशी, जेवणाच्या ताटापाशी, स्टेशनवर. स्वतः कुणासाठी असं थांबणं तिच्या वाट्याला आलंच नव्हतं. एवढं लागतं याला? अंगातलं सगळं लक्ष, कणन् कण, एका जागी? एवढं सगळं त्या बाईनं एका रस्त्यावर लावून ठेवलं होतं, ट्रंकेवर हात ठेवून, वर्षानुवर्षं... आणि मी म्हणत होते, बिचारा म्हण.

आई, ये. आता काही म्हणू नकोस. नुसती ये.

एक बोट रेघेवर तसंच ठेवून ती बसच्या पलीकडे बघत राहिली. बस अजून हलली नव्हती.